सहावं घर

देवी आहे की नाही, असा प्रश्न मला आयुष्यात कधी पडला नाही. माझं दुखणं वेगळंच होतं. देवी आहे, सगळं बघते, देतेसुद्धा. पण देते ती शेजारच्या चंद्रकलेला, मला नाही, असं मला वाटायचं. देव न मानणाऱ्या माणसाचं एका परीनं बरं असतं, त्याला कुणावर रुसायचं नसतं. मी मात्र रोज सकाळी दिवा लावायचे, हात जोडायचे आणि मनातल्या मनात भांडायचे, की आई, त्या बाईत असं काय आहे गं, जे माझ्यात नाही?

आम्ही मुकुंदवाडीत राहायचो. शहराला तेव्हा सगळे औरंगाबादच म्हणत. माझं माहेर फुलंब्रीकडचं, शेतातलं. पण लग्न झालं ते चिकलठाण्याच्या एका कारखान्यात कायम झालेल्या माणसाशी. 'कायम' या शब्दाचा तोरा काय सांगू! गल्लीत पहिला कुकर माझ्या घरी आला. त्याची शिट्टी वाजली की बायका दारात येऊन बघायच्या. चंद्रकला आमच्या भिंतीला भिंत लावून राहायची. पदरात एक लेकरू, नवरा त्याच कारखान्यात, पण हंगामी, आज आहे तर उद्या नाही. ती मला 'सोनीच्या आई' म्हणून हाक मारायची आणि मीही तिला वाटीभर साखर उसनी देताना जरा हात वर धरूनच द्यायचे.

मग ती मंदी आली. आधी तिसरी पाळी बंद झाली, पाठोपाठ दुसरी, आणि एका सकाळी माणसं डबे घेऊन गेली तर गेटला कुलूप. आमच्या गल्लीतली निम्मी माणसं त्याच गेटातून आत जाणारी. ती सगळी डबे तसेच घेऊन परत आली आणि आपापल्या उंबऱ्यावर बसून राहिली. कायम आणि हंगामी, सगळे एका रांगेत.

उपासमार म्हटलं की लोकांना वाटतं, रडारड असेल, आरडाओरडा असेल. आमच्या गल्लीत तसलं काही नव्हतं. उलट फार शांतता होती. आधी दूध बंद झालं, मग वरण, मग भाजी. लाल चटणी आणि भाकरी उरली, आणि भाकरीसुद्धा हळूहळू लहान व्हायला लागली. पण कुणी कुणाला सांगेना. आपल्या घरात चूल नाही पेटली हे शेजारणीला कळण्यापेक्षा मेलेलं बरं, असं प्रत्येकीला वाटायचं. मी तर त्याच्याही पुढं गेले. ज्या दिवशी काहीच नसायचं, त्या दिवशी कुकरात नुसतं पाणी घालायचे आणि स्टोव्हवर चढवायचे. रॉकेल कमी, तरी तीन शिट्ट्या होऊ द्यायचे. पलीकडं ऐकू गेल्या पाहिजेत ना! माझी सोनी दुसरीत होती. ती विचारायची, "आई, भात झाला?" मी म्हणायचे, "व्हायलाय बाळा, झोप तोवर."

सोनीच्या पप्पांनी तर अंथरूणच धरलं होतं. आजार काही नव्हता. भिंतीकडं तोंड करून पडून राहायचे. एकदा त्यांचा जोडीदार घरून भाकरी-पिठलं बांधून घेऊन आला, तर त्याच्यावर केवढ्यानं ओरडले, "मला काय भिकारी समजला का रे?" तो बिचारा फडकं तसंच उचलून निघून गेला. मी दारामागं उभी राहून त्या फडक्याकडं बघत होते. त्या पिठल्याचा वास मला अजून आठवतो.

आणि हे सगळं चाललेलं असताना पलीकडं काय, तर चंद्रकलेच्या कुकरच्याही शिट्ट्या! कुणाचा तरी जुना कुकर तिनं कुठून मिळवला होता कोण जाणे. मी कान लावून बसायचे. वर दर मंगळवारी आणि शुक्रवारी ती कवड्यांची माळ गळ्यात घालून, हातात वेताची परडी घेऊन देवीचा जोगवा मागायला जायची. जोगवा मागणं म्हणजे भीक नव्हे. आई भवानीच्या नावानं पाच घरी जायचं, मिळेल ते मूठभर धान्य परडीत घ्यायचं आणि त्यातलं चिमूटभर देणारीच्या पदरात परत टाकायचं. घरात हत्ती झुलत असला तरी ज्याच्या घराण्यात आहे त्यानं मागायचंच. आमच्या घराण्यातही होतं. सासूबाई असेपर्यंत त्या मागायच्या. त्या गेल्यावर मी त्यांची माळ आणि परडी खुंटीला अडकवून ठेवली. कारखान्यात कायम असलेल्या माणसाच्या बायकोनं दारोदार फिरायचं म्हणजे काय, असं मला वाटायचं.

चंद्रकला जोगव्याहून परतली की तिची परडी बघवत नव्हती मला. वर शीग आलेली असायची. ज्वारीचे दाणे कडेवरून सांडतात की काय असं वाटायचं. ती हळूहळू, दोन्ही हातांनी सांभाळत चालायची आणि गल्लीतल्या बायका म्हणायच्या, "बगा, कशी पावली आई तिला!" माझ्या पोटात नुसता आगडोंब व्हायचा. भुकेचा किती आणि जळण्याचा किती, हे माझं मलाच कळायचं नाही.

अशात वन्संचा निरोप आला. वन्सं म्हणजे माझी एकुलती एक नणंद. लासूर स्टेशनला तिच्या सासरच्यांचं धान्याचं दुकान होतं. घरात सगळं भरलेलं, फक्त पाळणा कधी हलला नाही. तिनं कळवलं होतं, "पोरीचे हाल कशाला करता? सोनीला माझ्याकडं ठेवा. इथंच शाळेत घालते. शुक्रवारी येऊन घेऊन जाते." सोनीच्या पप्पांना मी सांगितलं, तर भिंतीकडं बघतच म्हणाले, "जाऊ दे. निदान जेवेल तरी." बस्, एवढंच. मी सोनीचे दोन झगे, पाटी आणि पुस्तक एका पिशवीत भरले. वन्सं वाईट नव्हती. पण एकदा गेलेली पोर परत माझी म्हणून येणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. दोन वेळचं गरम जेवण आणि रोज नवी रिबन मिळाल्यावर कोणतं लेकरू पाण्याच्या शिट्ट्या ऐकायला परत येईल?

मंगळवारी मी चालत कर्णपुऱ्याला देवीच्या देवळात गेले. गर्दी नव्हती. आत गेले तर समोर चंद्रकला! परडी पुढ्यात ठेवून, डोळे मिटून, गालावरून धारा लागलेल्या. मला वाटलं, आता आणखी काय मागतेय ही? सगळं तर हिलाच दिलंस. मी खांबाआड थांबले, ती गेल्यावर पुढं झाले. दुसऱ्या बायका देवीपुढं काय बोलतात मला माहीत नाही, पण मी जे बोलले ते लिहायला आज हसू येतं. मी म्हणाले, "आई, मला जास्त नको. फक्त तिच्यापेक्षा जास्त दे. एकदा माझी परडी तिच्या परडीहून भरलेली दाखव. नाहीतर सासूबाईंची माळ तुझ्या पायरीवर आणून ठेवते, मग तू आणि तुझी चंद्रकला!" असली प्रार्थना. लेकीसाठी गेले होते आणि मागून आले ते हे.

शुक्रवार उजाडला. वन्सं दुपारच्या पॅसेंजरनं येणार होती. सोनी पिशवीशेजारी बसून होती. मी खुंटीवरची परडी काढली, धूळ झटकली, माळ गळ्यात घातली. सोनीचे पप्पा मान वळवून बघायला लागले. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून मी जालना रस्ता ओलांडून लांबच्या वस्तीत गेले. पहिल्या दारात उभी राहिले. सासूबाई कशा खणखणीत आवाजात म्हणायच्या, "आई राजा उदो उदो, जोगवा वाढा माय!" मी ते नुसतं पुटपुटले. त्या घरानं दार उघडलं नाही. दुसऱ्या घरातली बाई म्हणाली, "धडधाकट हाईस की, काम कर ना कुठं तरी." काम! तिसऱ्या घरी मूठभर गहू मिळाले. चौथ्या दाराला कुलूप होतं. सासूबाईंचा नियम असा, की दिलं न दिलं, दार मोजायचं. पाच झाली की माघारी फिरायचं. सहाव्या दारात उभं राहिलं की ते मागणं देवीचं उरत नाही, ते फळत नाही.

पाचवं घर आलं आणि मी थबकले. दारावर हिरवा पडदा, चौकटीवर उर्दूत काही लिहिलेलं. इथं कसा जोगवा मागणार म्हणून वळले, तेवढ्यात आतून एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला, "अगे, खाली हात कायकू जाती? जोगवा मांगने कू आई ना?" मी मान हलवली. ती आत गेली आणि सूप भरून ज्वारी घेऊन आली. सगळी माझ्या परडीत ओतली, वर गुळाचा खडा ठेवला. म्हणाली, "हमारे गाव में मेरी अम्मा हर मंगल कू डालती थी. मेरे भी दो बच्चे घर में बैठे हैं, कारखाना बंद है बोलके. पर देवी की परडी खाली नहीं भेजते." मी तिच्या ओढणीत चिमूटभर दाणे परत टाकले. तिनं ते डोळ्यांना लावले. तिच्याही घरात दोन माणसं बसून आहेत, हे तिनं मला सरळ सांगितलं होतं. पण खरं सांगायचं तर तेव्हा माझ्या डोक्यात ते शिरलंच नाही. मी फक्त परडीकडं बघत होते. शीग आली होती! चंद्रकलेच्या परडीला येते त्याहून मोठी!

आता खरं तर सरळ घरी जायचं. स्टोव्ह पेटवायचा, लेकराला चार घास घालायचे. पण नाही. मी गल्लीत शिरले ती मधोमध, दोन्ही हातांनी परडी सांभाळत, अगदी तिच्यासारखीच हळूहळू चालत. आणि माझं घर मागं टाकून चंद्रकलेच्या दारात जाऊन उभी राहिले. या वेळी पुटपुटले नाही. अशी आरोळी ठोकली की गल्ली हादरली, "आई राजा उदो उदो! जोगवा वाढा माय!" सहावं घर होतं ते. नियम ठाऊक होता मला. पण तिनं माझी परडी बघायला हवी होती, आणि तिच्या भरल्या घरातनं माझ्या परडीत तिला टाकावं लागायला हवं होतं. जोगव्याला नाही म्हणता येत नाही ना!

चंद्रकला दारात आली. परडीकडं बघितलं, माळेकडं बघितलं, माझ्या तोंडाकडं बघितलं. तिचा चेहरा पांढरा पडला. माझ्या जिवाला कसं थंड वाटलं म्हणून सांगू! ती आत गेली. आत कुकरची शिट्टी झाली. बराच वेळ ती बाहेर येईना, मग स्वतःची परडी घेऊन आली. तिचीही नेहमीसारखी भरलेली. मुठीनं द्यायचं सोडून तिनं ती परडीच माझ्या परडीवर तिरकी केली. मूठभर दाणे सरकले, आणि त्यांच्यामागं ठण्णकन एक स्टीलची वाटी फरशीवर पडली. पालथी. गोल गोल फिरत राहिली.

परडीत दुसरं काहीच नव्हतं. वाटी पालथी घालून तिच्यावर दाणे पसरले होते, म्हणून शीग दिसायची.

"रिकाम्या परडीत कुनी टाकत नाय, सोनीच्या आई," ती खाली बघत म्हणाली. "भरलेली दिसली की मान्सं म्हनतात, आई पावली हिला, आपन बी टाकावं."

मी तिला बाजूला सारून आत गेले. स्टोव्हवर कुकर होता. स्टोव्ह बंद केला, फडक्यानं शिट्टी वर धरली, वाफ गेली, झाकण काढलं. आत पाणी. स्वच्छ, नितळ पाणी.

चंद्रकला मागं येऊन उभी होती. म्हणाली, "तुमच्या तीन शिट्ट्या व्हायच्या. मी म्हनलं, आपल्या निदान दोन तरी झाल्या पायजेत. लई जळायचे मी तुमच्यावर. मंगळवारी देवीपाशी जाऊन रडले, की आई, ते कायमवाले, त्यांचं बंद पडलं तरी रोज भात शिजतो, मग माझ्याच लेकरानं काय पाप केलं?"

"अगं बये," मी म्हणाले, "माझ्यात बी पाणीच असतं!"

आधी तिला खरंच वाटेना. मग आम्ही एकमेकींकडं बघितलं आणि जे हसू सुटलं, ते थांबेचना. हसता हसता कधी रडायला लागलो कळलं नाही. दोन वेड्या बायका, एकमेकींच्या उकळत्या पाण्यावर जळत बसलेल्या! आणि देवी दोघींचंही गाऱ्हाणं एकाच मंगळवारी, एकाच गाभाऱ्यात ऐकत होती. तिलाही हसू आलं असेल.

सासूबाईंचा आणखी एक नियम मला तेव्हा आठवला. जोगव्याचं एकट्यानं खायचं नसतं. मी चंद्रकलेला म्हणाले, "चल, तुझं माझं एकत्र करू." तिच्याच जात्यावर ज्वारी भरडली, दोघींनी मिळून माझ्या मोठ्या पातेल्यात कण्या शिजायला घातल्या. वास सुटला. त्या गल्लीत कितीतरी दिवसांनी खऱ्या अन्नाचा वास सुटला होता. एकेक बाई दारात यायला लागली. 'काय केलंय' असं कुणी विचारलं नाही. चंद्रकलाच म्हणाली, "जोगव्याचा परसाद हाय, या." मग एकीनं दोन कांदे आणले, एकीनं मीठ-मिरची, एकीनं बाटलीच्या तळातलं तेल. जे जिच्याकडं उरलं होतं ते. देवीच्या नावावर सगळ्यांना आपापली भूक घेऊन घराबाहेर येता आलं.

मी सोनीच्या पप्पांसमोर ताटली धरली. ते भिंतीकडंच बघत होते. मी म्हणाले, "कुणी दिलेलं नाही. आईचा प्रसाद आहे." ते उठून बसले. ताटली कपाळाला लावली. माणसानं दिलेली भाकरी त्यांनी परत पाठवली होती, पण प्रसादाला नाही कसं म्हणणार? खाता खाता त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि मी तिकडं बघत नाही असं दाखवत होते. मग ताटली घेऊन ते बाहेर ओट्यावर गेले, बाकीच्या माणसांत जाऊन बसले. गेटला कुलूप लागल्यापासून पहिल्यांदा.

तेवढ्यात वन्सं आली. हातात नवा गुलाबी फ्रॉक. दारात थांबून सगळी गल्ली जेवताना बघत राहिली. तिला पाणी दिलं, कण्या दिल्या. तीही सगळ्यांत बसून जेवली. मग हळूच म्हणाली, "वैनी, रोज अस्तं का असं?"

"मंगळवारी आन् शुक्रवारी तर असंल," मी म्हणाले. "बाकीच्या दिवशी बघू काय ते. पण सोनी इथंच राहील, वन्सं."

तिनं काही वाद घातला नाही. चंद्रकलेच्या मांडीला टेकून सोनी कण्या चाटून खात होती. वन्सं तिच्याकडं बघत होती. ती नजर मी ओळखली. ओळखणार नाही तर काय, इतके दिवस मी चंद्रकलेच्या परडीकडं तशीच बघत होते! माझ्या घरात दाणा नव्हता तेव्हाही वन्संच्या लेखी मीच भरल्या घरची होते. हे कधी माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी उठले, परडीत उरलेले चार दाणे घेतले आणि तिच्या पदरात टाकले. सोनीला म्हणाले, "जा, आत्याजवळ बस. फ्रॉक घालून दाखव."

वन्सं एकटीच परत गेली. पण पुढच्या शुक्रवारी पुन्हा आली, ज्वारीचं गाठोडं घेऊन. म्हणाली, "मला बी परडीत टाकू द्या की." ते वर्ष सरेपर्यंत तिचा एकही शुक्रवार चुकला नाही. आल्यावर आधी सोनीची वेणी घालायची, मग बाकीचं. गल्लीतल्या आम्ही बायका वेगवेगळ्या दिशांना जोगव्याला जायचो आणि सगळं एका पातेल्यात घालायचो. माणसं जाधववाडीच्या बाजारात हमालीला जायला लागली, ज्याला काम मिळेल तो उरलेल्यांसाठी काहीतरी आणायचा. कारखाना काही परत उघडला नाही. सोनीच्या पप्पांनी पुढं लोखंडी खिडक्या-दारं जोडायचं छोटं काम सुरू केलं, चंद्रकलेच्या नवऱ्याला सोबत घेऊन. पोट भरत गेलं. त्या पाचव्या घरी मी नंतर भेटायला गेले होते. म्हातारीला माझी आठवणच नव्हती. म्हणाली, "कित्ते आते, बेटी. किस किस कू याद रखना?" मी तिच्या पाया पडले, तर हसली.

लोक विचारतात, देवी पावते म्हणजे काय होतं? मला तरी तिनं दर्शन दिलं नाही, स्वप्नात आली नाही. मला वाटायचं, देवीला शरण जायचं म्हणजे मन आधी स्वच्छ करून, चांगलं चांगलं तिच्या पायाशी ठेवायचं. माझ्याकडं तेव्हा चांगलं काही नव्हतंच. जळणं तेवढं होतं, तेच मी घेऊन गेले. तिनं तेही नको म्हटलं नाही. श्रद्धेनं मी कधी खुंटीवरची परडी काढली नसती, आणि नियम पाळून तर चंद्रकलेच्या दारात कधीच गेले नसते. माझ्या हावरट पायांनीच तिनं मला बरोबर त्या दारात नेऊन उभं केलं. म्हणून मी आजही तिच्यापुढं हात जोडते तेव्हा काही लपवत नाही. जे असेल ते ठेवते, ती बघून घेते.

आता दोघींचे केस पिकले. शुक्रवारी आम्ही अजून जोगव्याला जातो. पाच घरं झाली की मी चंद्रकलेच्या दारात उभी राहते आणि ती माझ्या. हे शास्त्राला धरून नाही, असं बऱ्याच जणींनी सांगून झालं; सासूबाई असत्या तर त्याही रागावल्या असत्या. आणि माझा स्वभाव? तो काही गेलेला नाही. अजूनही कधी तिची परडी माझ्याहून भरलेली दिसली की मी जळतेच. मग मी तिच्या देखत दाण्यांत हात घालते, पार तळापर्यंत, आणि चाचपून बघते खाली वाटी आहे का. ती हसत परडी पुढं धरते. वाटी नसते. मग मी म्हणते, आई, तुझी कृपा, आणि खरंच मनापासून म्हणते.